सहापैकी चार तारा

देवासच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीत मी एकतीस वर्षं बेस गिटार वाजवली. लग्नं, गणपती, नवरात्र, कारखान्यांचे समारंभ, एका पुढाऱ्याच्या नातवाचं जावळ, सगळीकडे वाजवली. या काळात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, 'तुम्ही काय वाजवता?' कार्यक्रमाच्या आधी विचारला असता तर मी मनावर घेतलं नसतं. हा प्रश्न कार्यक्रम संपल्यावर येतो, तीन तास समोर बसलेल्या माणसाकडून, हातात जेवणाची प्लेट असताना.

ज्यांना खरोखर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेस म्हणजे लांब मानेची, चार जाड तारांची गिटार. तिचा सूर इतका खालचा की तो कानापेक्षा छातीत कळतो. गाणारा आणि ताल धरणारा यांच्याखालची जमीन सारवून ठेवायची, एवढंच तिचं काम. सारवण चांगलं असलं की तिकडे कोणी बघत नाही, आणि नसलं की प्रत्येकाला कसंतरी होतं, पण कशामुळे ते सांगता येत नाही. आमची कुंदा, म्हणजे माझी बायको, लग्नानंतर सहा वर्षं असं समजत होती की मी ती दुसरी, पुढे चमकणारी गिटार वाजवतो. खरं कळलं तेव्हा ती फक्त, 'असू दे,' म्हणाली.

बेसचा सूर बाहेर काढायला मोठा स्पीकर लागतो. त्याला आम्ही अँप म्हणतो. माझा अँप कमरेएवढा उंच, आणि उचलायला दोन माणसं. एकदा धरमपुरीला नर्मदेपलीकडच्या लग्नाला नावेतून जायचं होतं. नाववाल्याने अँपभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "भिया, यो फ्रिज दायजा में जई रियो है कईं?" 'हुंड्यातला नाही,' मी म्हणालो, पण बातमी आमच्याआधी पलीकडे पोचली. उतरल्याबरोबर वरमाईने अँपला कुंकू लावलं. ते पुसायचं धाडस मला झालं नाही. तीन तास वाजवूनही त्या गावात माझी ओळख 'फ्रिजवाले काका' हीच राहिली.

ती चमकणारी गिटार सोनटक्के वाजवायचा. मूळचा धारचा. सव्वीस वर्षं आम्ही एकाच जीपमध्ये मांडीला मांडी लावून बसलो आणि सव्वीस वर्षं भांडलो. त्याचं म्हणणं, ज्यांना सहा तारा झेपत नाहीत ते चार तारांकडे वळतात. माझं म्हणणं, गिटारवाल्याला चारपर्यंत मोजता येत नाही, म्हणून तो प्रत्येक पीस अर्धी मात्रा आधीच सुरू करतो आणि बाकीच्यांना धावत जाऊन त्याला गाठावं लागतं. पीस म्हणजे दोन कडव्यांच्या मधला वाद्यांचा तुकडा. लोक टाळ्या वाजवतात त्या त्यालाच. मी सोनटक्केजवळ कधी कबूल केलं नाही, पण त्याच्या पीसला मलाही टाळी द्यावीशी वाटायची. माझे हात अडकलेले असायचे, एवढंच.

चार वर्षांपूर्वी त्याची बोटं आखडू लागली. एका लग्नात तो पीसच्या मध्येच थांबला, गिटार उतरवून खुर्चीवर ठेवली आणि मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला. त्यानंतर तो धारला घरी निघून गेला तो गेलाच. मी त्याला फोन करायला हवा होता. केला नाही. काय बोलावं ते सुचलं नाही, आणि मग इतके दिवस लोटले की न करणंच सोपं वाटू लागलं. याची लाज मला आजही वाटते.

गेल्या वर्षी आषाढात राजू भियाने मला बोलावून घेतलं. राजू भिया म्हणजे पार्टीचा मालक आणि मुख्य गाणारा. दिवसा त्याचं टेंट हाउस असतं. गाद्यांच्या थप्पीवर बसवून त्याने चहा पुढे सरकवला, तेव्हाच मला शंका आली, कारण चहा तो फक्त गिऱ्हाइकाला पाजतो.

"जगदाळे भिया, बुरा मत मानना. बेस तो अब कीबोर्डवाले के उल्टे हाथ में आ जाता है."

"डाव्या हातात? मग मी?"

"वोई तो के रिया हूँ. पब्लिक को गिटार दिखना चाहिए. सोनटक्के के बाद स्टेज सूना लगता है. आप गिटार पे आ जाओ तो जगह है. नहीं तो इंदौर से किसी को लाना पड़ेगा."

त्याने मुदतही दिली. गणपतीत धारच्या एका मराठी मंडळात आमचा कार्यक्रम ठरलेला होता. त्यातल्या एका गाण्यात गिटारचा लांबलचक पीस आहे. तो नीट वाजला तर मी पार्टीत, नाहीतर हार आणि नारळ. हातात सात आठवडे होते.

हार-नारळ मला नवा नव्हता. कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालो तेव्हाही मिळाला होता आणि मला काही वाटलं नव्हतं, कारण त्या संध्याकाळी रिहर्सल होती. पण पार्टीनेच नारळ दिला तर संध्याकाळी जायचं कुठे? घरात बसून कुंदाला भाजी कशी चिरावी ते शिकवायचं? हे काही मी राजू भियाला बोललो नाही. "जमेल," म्हणालो. साठी उलटलेल्या माणसाने विचार न करता उच्चारू नयेत अशा शब्दांत या शब्दाचा नंबर पहिला.

गिटार घ्यायला कुंदाने कूलरसाठी ठेवलेले पैसे काढून दिले. "एवढ्यात बसवा," ती म्हणाली, "आणि पुढच्या उन्हाळ्यात मला घाम आला तर बोलायचं नाही."

आधी इंदूरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने हसून विचारलं, "अंकल, पोते के लिए चाहिए?" मी 'हो' म्हणालो. खोटं बोललो, पण त्यामुळे तिने सगळं नीट समजावून दिलं. शिकाऊ माणसासाठी एक अख्खा संच मिळतो: गिटार, टिफिनएवढा छोटा अँप, पिशवी, पट्टा, वायर आणि तारा छेडायच्या टिकल्या, ज्यांना पिक म्हणतात. कूलरच्या पैशांत तो जेमतेम बसत होता. तोच घेतला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण बेसवाला जात्याच काटकसरी. जिथे एका सुराने भागतं तिथे तो दोन वाजवत नाही. मी मनाशी हिशेब मांडला की पट्टा घरी आहे, वायर घरी आहे, फ्रिजएवढा अँप घरी आहे. मग टिफिनचे पैसे का द्यायचे? त्यापेक्षा नुसती गिटार घ्यावी, जुनी का होईना, पण वरच्या दर्जाची. दुकानातल्या मुलीला 'नातवाला विचारून सांगतो' म्हणालो आणि निघालो.

चार दिवसांनी मोबाइलवर धारची जाहिरात सापडली. नव्या संचाच्या किमतीत जुनी, पण दोन पायऱ्या वरची गिटार. मी इंदूरला बस बदलून धारला गेलो. विकणारे पोतनीस सर, निवृत्त मुख्याध्यापक. घराणं एके काळी संस्थानच्या दफ्तरातलं, आणि सरांच्या बोलण्यात ते दफ्तर अजून चालू होतं.

"यावे, बसावे. चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास गेले आणि हे वाद्य मागे राहिले. मला यातले काही एक कळत नाही. आपण जाणकार आहात. वाजवून खात्री करून घ्यावी, मगच व्यवहार."

इतक्या वर्षांत मला कोणी जाणकार म्हटलं नव्हतं. मी गिटार मांडीवर घेतली. इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. गिटारला सहा तारा. त्यांतल्या जाड चार तारांचे सूर आणि बेसच्या चार तारांचे सूर एकच, फक्त बेसचे एक सप्तक खाली. म्हणजे बेसवाल्याने गिटार हातात घेतली की त्या जाड चार तारा त्याच्या ओळखीच्या निघतात. मी त्या चार तारा लावल्या आणि सुटलो. एकतीस वर्षांची सगळी चलनं, सगळ्या उड्या वाजवून दाखवल्या. सरांच्या म्हाताऱ्या काकू आतून येऊन दाराशी बसल्या. थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "छान हो. कानाला कुठे लागत नाही." बेसवाल्याला याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

उरलेल्या दोन बारीक तारांकडे मी बघितलं होतं. चकाकत होत्या. मला तेवढं पुरलं.

गिटार घेऊन घरी आलो, फ्रिजला वायर जोडली आणि मोबाइलवरचा पहिला धडा लावला. शिकवणारा म्हणाला, 'सबसे पतली तार से शुरू करते हैं.' मी सर्वांत बारीक तार लावायला घेतली. बेसच्या खुंट्या पिळायला जोर लागतो. तेवढ्याच जोराने पिळली. तार तुटून माझ्या हनुवटीवर बसली. कुंदा हळद घेऊन आली. "घरातला माणूस गाण्याने जखमी झालेला पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली.

नवी तार घातली. आता ती तुटली नाही, पण वाजलीही नाही. मोकळी छेडली तर बोलायची, बोटाने दाबली की नुसतं 'टक्'. तिच्या शेजारच्या तारेचं तेच. जाड चार तारा मात्र सुरेल, पण फ्रिजमधून येणारा त्यांचा आवाज रजईत तोंड खुपसून बोलणाऱ्या माणसासारखा. मला वाटलं, दोष माझ्या बोटांचा. जाड तारांवर राबलेली बोटं, त्यांना हे नाजूक काम कसं येणार? मी जोर वाढवला. आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ दाबत होतो. बोटांच्या टोकांना चिरा पडल्या, त्यात पोह्यांवरचं लिंबू गेलं की मी टेबलावरून उठायचो. टक् टक् चालूच. शेजारचे दुबेजी विचारून गेले, "भाभीजी, घर में सुतार लगा है क्या?"

आठव्या दिवशी कुंदा समोर येऊन बसली. "अहो, त्या सोनटक्क्यांना का नाही दाखवत?"

"त्याला कशाला?"

"कारण तुम्हाला येत नाही आणि त्यांना येतं."

 पण सोनटक्केकडे जायचं म्हणजे सव्वीस वर्षांचं भांडण आपण होऊन हरायचं. आणि तीन वर्षांत एक फोन न करता, आता गरज पडली तेव्हा दार वाजवायचं. भांडण हरणं परवडलं, हे दुसरं जास्त जड होतं. रविवारी सकाळच्या बसने निघालो. धारच्या स्टँडवरून त्याच्या घरापर्यंत ऑटो मिळत होती, तरी मी चालत गेलो, तेवढीच पाच मिनिटं लांबणीवर.

दार त्यानेच उघडलं. केस पार पांढरे, बोटं अर्धवट मिटलेली. माझ्याकडे बघितलं, खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं.

"बेस इतकी आखूड कधीपासून झाली?"

"गिटार आहे."

"कोणाची?"

"माझी."

तो बाजूला झाला. आत बसल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, राजू भिया, कीबोर्डचा उलटा हात, गणपती, सगळं. मग त्याने गिटार मांडीवर आडवी घेतली. दाबायचं काम मला करायला लावलं आणि स्वतः अंगठ्याने छेडून ऐकलं. जाड चार तारा गोड वाजल्या. मग टक्. मग पुन्हा टक्. त्याने मान तिरकी करून गिटारच्या गळ्यावरून नजर टाकली.

"जगदाळे, घेताना वाजवून बघितलीस?"

"अर्धा तास."

"किती तारा?"

मी पिशवीचा पट्टा गुंडाळायला घेतला.

"किती तारा वाजवल्यास रे?"

"चार."

सोनटक्के हसायला लागला. ठसका लागेपर्यंत हसला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "अगं ऐकलंस का? यानं सहापैकी चार तारांची गिटार आणली! उरलेल्या दोन नुसत्या बघून आला, मुलगी बघतात तशी!" वहिनी पदराने हात पुसत बाहेर आल्या आणि त्याही हसल्या. मी त्याला इतकं हसताना जीपमध्येही पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने मीही हसलो. दुसरं काय करणार?

हसू ओसरल्यावर मी म्हणालो, "फोन करायला हवा होता मी."

"हवा होता," तो म्हणाला. "रोज वाट बघायचो पहिले दोन महिने. मग सोडलं." आणि लगेच गिटारकडे वळला, त्यामुळे मला डोळे पुसायला वेळ मिळाला.

दोष असा होता. गिटारच्या गळ्यावर धातूच्या बारीक पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्यांच्यामध्ये तार दाबली की सूर बदलतो. ही गिटार बहुतेक वर्षभर ओल धरलेल्या भिंतीला टेकून उभी होती, आणि पट्ट्यांची बारीक तारांकडची टोकं उचलली गेली होती. पोतनीस सरांना ते कळणं शक्य नव्हतं, आणि मला कळणं शक्य होतं.

"परत कर," वहिनी म्हणाल्या.

"कोणत्या तोंडाने?" मी म्हणालो. "त्यांनी आधीच सांगितलं होतं, जाणकार आहात, वाजवून बघा."

मग आम्ही ती दुरुस्त करायला बसलो. लाकडी हातोडी नव्हती, म्हणून वहिनींच्या खलबत्त्यातला बत्ता फडक्यात गुंडाळला. सोनटक्केच्या हाताला तो पेलेना, तेव्हा तो डोळा लावून बघायचा, "इथे, हळू, अजून हळू, अरे लग्नाचा ढोल नाहीये," असं सांगायचा, आणि मी ठोकायचो. उचललेल्या टोकांखाली चिकटवायचं द्रव्य सोडलं. दुपारपर्यंत एक पट्टी सोडून सगळ्या बसल्या. चौदावी काही केल्या बसेना.

"राहू दे," सोनटक्के म्हणाला. "पीसमध्ये तिथे जायचं नाही. तो सूर जाड तारेवर घ्यायचा, तिकडे तर तुझं माहेर आहे."

निघताना त्याने कपाटावरून टिफिनएवढा अँप काढायला लावला. "तुझा फ्रिज बंद कर. हा ने. पण फुकट नाही. दर रविवारी इथे येऊन वाजवायचं." मी 'बरं' म्हणालो तर तो पुढे म्हणाला, "गिटार ऐकली नाही रे घरात तीन वर्षांत." हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्यानंतरचे सगळे रविवार मी धारला शिव्या खाल्ल्या. बेसवाल्याचे सगळे गुण गिटारवर अवगुण ठरतात. मी मोजून सूर लावायचो, तर तो म्हणायचा, "हिशेब कसला देतोस?" मी ठोक्याची वाट बघायचो, तर ओरडायचा, "आधी नीघ! लोक जमल्यावर निघणारा माणूस तू!" गिटारची तार बोटाने बाजूला ओढून सूर चढवायचा असतो. माझी हनुवटी आठवून मी ओढायलाच घाबरायचो. "ओढ!" तो मिटलेली मूठ हवेत ओढून दाखवायचा. "तुटली तर नवी घालू. ओढ!" चौथ्या रविवारी मी ओढली. सूर चढत गेला आणि जिथे पोचायला हवा तिथे जाऊन थांबला. सोनटक्केने हवेतली मूठ खाली घेतली. वहिनींनी आतून विचारलं, "आता हे वाजवलं का?" एवढ्या वेळात त्यांना वाटलं होतं की आधीचं सगळं तारा लावणं चाललंय.

गणपतीचा सहावा दिवस. मंडळाचं सभागृह भरलेलं. सोनटक्के पहिल्या रांगेत, हात शालीखाली. शेजारी कुंदा, माझ्यापेक्षा जास्त घामाघूम. मी स्टेजवर माझ्या नेहमीच्या जागी, पार मागे, पडद्याला पाठ लावून उभा राहिलो. गिटारवाल्याने पुढे यायचं असतं हे मला सांगितलेलं होतं, पण पाय काही पुढे जाईनात.

पहिली दोन गाणी मला गिटारचं फारसं काम नव्हतं, तेव्हा मी कीबोर्डवाल्याच्या उलट्या हाताचा बेस ऐकत होतो. एक सूर चुकला नाही. लयीला पक्का. तरी मला ते ऐकवेना. जिथे मी एकतीस वर्षं गाणाऱ्याच्या श्वासासाठी जरा थांबत आलो, तिथे तो हात थांबत नव्हता. राजू भियाला दोनदा धाप लागली. सभागृहात हे कोणाच्याही लक्षात आलं नाही, आणि येणारही नव्हतं. 

मग ते गाणं आलं. पहिलं कडवं संपलं, राजू भियाने माइक बाजूला धरला. मी ठोका पडायच्या अर्धी मात्रा आधी निघालो. पहिली ओळ जाड तारांवर, मग बारीक तारांवर. दोन्ही तारा बोलल्या. चौदावी पट्टी आली तशी मी माहेरी वळलो आणि परत आलो. मग तो ओढायचा सूर. मी तार ओढली आणि धरून ठेवली. पहिल्या रांगेत सोनटक्केची शाल खांद्यावरून घसरली होती.

राजू भिया वळला. माझ्या दिशेने बघत त्याने तळहात आभाळाकडे करून दोन-तीनदा वर उचलला. आवाज वाढव, अशी ती स्टेजवरची खूण. ती गाणाऱ्याला करतात, बासरीवाल्याला करतात, सोनटक्केला तर करावीच लागायची नाही. बेसवाल्याला कायम दुसरी खूण असते, तळहात जमिनीकडे दाबलेला. प्रत्येक मांडवात, प्रत्येक गाण्यात मी तीच बघत आलो.

राजू भियाने पुन्हा हात वर उचलला. तो हे कोणाला सांगतोय ते बघायला, बोटं चालूच ठेवून, मी मागे वळलो.

मागे पडदा होता.